आईकडून आलेला थकवा

थेरगाव
रविवार, १७ ऑगस्ट २०२५

भाग्यश्री,

वर काय मायना लिहावा ते सुचेना, म्हणून नुसतं नाव लिहिलंय. फोनवर तू मला ब्लॉक केलंयस. सुजितरावांना फोन केला तर ते "सांगतो" म्हणतात आणि सांगत नाहीत. चऱ्होली काही लांब नाही, तासाभराचा रस्ता, पण तुझ्या दारात येऊन उभं राहायची हिंमत माझ्यात नाही. राहिलं पोस्ट. पाकीट फाडून टाकायच्या आधी एवढं पानभर वाच.

आण्णा बरे आहेत. तुझ्याकडे राहून आले की तिकडचं इथे काही सांगत नाहीत, आणि इथलंही तिथे सांगत नसणार. दोन मुलींच्या मध्ये म्हातारा तोंड मिटून बसलाय. चूक त्यांची नाही.

माझी कंपनी तीच, चाकणची, वायरिंगच्या लाइनवर. आता तपासणीला घेतलंय, म्हणजे बसून काम. तेच बरं. डांगे चौकात बसमध्ये चढले की झोपते ती एकदम चाकणला कुणीतरी हलवून उठवतं तेव्हा जागी होते. सगळ्या बायका हसतात. मीही हसते.

तुला एक-दोन गोष्टी विचारायच्या होत्या. तुझ्या उजव्या कानाला कमी ऐकू यायचं, ते तसंच आहे की वाढलं? साखर तपासलीस का एवढ्यात? आणि ती डोकेदुखी, उलटी झाल्याशिवाय न थांबणारी, अजून होते का? पोस्टकार्डावर नुसतं हो-नाही लिहिलंस तरी पुरे. का विचारतेय ते मागाहून सांगेन. विशेष काही नाही.

आरोही दहावीत गेली. सध्या घरीच आहे, जरा अशक्तपणा आलाय.

अक्षर वाकडं आलंय. मांडीवर कागद ठेवून लिहितेय. सिस्टर हाक मारतायत, थांबते.

विजयश्री


थेरगाव
रविवार, ७ सप्टेंबर २०२५

भाग्यश्री,

तुझं उत्तर आलं नाही. येईल असं मला वाटलंही नव्हतं.

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. आरोही घरी नव्हती. मी तिच्या खाटेशेजारी बसून ते लिहीत होते. तुला ते कळलंही असेल, शेवटच्या ओळीत माझ्याच हातून सुटलं. खोटं का लिहिलं ते मलाच माहीत नाही. कदाचित तुझ्यापुढे माझं काही वाईट चाललंय हे दिसू नये म्हणून.

जुलैत शाळेत पळायला लावलं होतं. ही चौथ्या फेरीला मैदानातच बसली. सरांनी मला फोन केला, मी अर्धी सुट्टी टाकून गेले. ही म्हणाली, "आई, पायात विस्तव ठेवल्यासारखं होतंय." मी काय म्हणाले ते लिहिते, कारण या घरात तुझं नाव कशासाठी निघतं ते तुला कळलं पाहिजे. मी म्हणाले, "चार फेऱ्यांत? अगदी मावशीवर गेलीस."

घरी सासूबाई होत्या. तुला आठवत असतील, सारजाबाई, चाकणच्या पलीकडच्या. त्यांनीही ओढलं तिला. "पोरीच्या जातीनं एवढं लोळू न्हाई." मग महिनाभर आम्ही दोघींनी मिळून त्या लेकराला सकाळी उठवायचं, बोलायचं, पुन्हा उठवायचं असं चालवलं.

अकरा ऑगस्टला सकाळी चहा पिताना तिच्या डाव्या हातातून कप पडला. दोन दिवस डोकं दुखत होतं, उलट्या चालल्या होत्या, मी पित्त म्हणून सोडून दिलं होतं. कप पडल्यावर ती स्वतःच्या हाताकडे बघत राहिली. दुसऱ्या कुणाचा हात असावा तशी. मग फिट आली. ज्ञानेशने लेकीला उचलून तीन मजले उतरवलं. रिक्षात मी तिचं डोकं धरून बसले होते आणि माझ्या मनात एकच, की मी हिला आळशी म्हणाले.

नऊ दिवस ठेवलं होतं. रक्तात लॅक्टिक आम्ल फार वाढलेलं निघालं. मग एक मोठ्या डॉक्टर आल्या, वयस्कर, हळू बोलणाऱ्या. त्यांनी आरोहीचं सोडून मलाच विचारायला सुरुवात केली.

"तुमच्या आईला काही आजार होता?"

"साखर."

"अंगाने जाड होत्या?"

"नाही. काडी होती."

"ऐकू यायचं नीट?"

"चाळिशीतच यंत्र लागलं."

"दमायच्या का?"

भाग्यश्री, मी काय सांगणार होते? आई तीन भाकऱ्या थापायची आणि मग फरशीवर आडवी व्हायची, मग उठून पुढच्या तीन. आपण त्याला आईचं इंटरव्हल म्हणायचो. आण्णा बाहेरून ओरडायचे, "मंजुळे, उठलीस का मेलीस?" आणि आपण दोघी खिदळायचो. मी डॉक्टरांना म्हणाले, "हो, दमायची थोडी."

"तुम्हाला भावंडं?"

मी म्हणाले, "नाही."

आरोही डोळे मिटून पडली होती. मला वाटलं झोपलीय. तशीच, डोळे न उघडता म्हणाली, "आहे की. भाग्यश्री मावशी. तिलापण कमी ऐकू येतं."

डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि कागदावर काहीतरी लिहिलं.

रक्त आणि लघवी तपासायला पाठवलीय. यायला वेळ लागतो म्हणाले. आता ती खरोखर घरी आहे.

विजयश्री


थेरगाव
रविवार, २८ सप्टेंबर २०२५

भागू,

रिपोर्ट आला. झेरॉक्स सोबत जोडलीय. ती टाकून देऊ नकोस. पत्र टाकलंस तरी चालेल.

नाव लांबलचक आहे, ते कागदावर आहे. मला जे कळलं ते सांगते. कळलं तेही निम्मं डॉक्टरांकडून आणि निम्मं आरोहीकडून, कारण हा धडा तिच्याच विज्ञानाच्या पुस्तकात आहे.

मला वाटायचं श्वसन म्हणजे नाकाने हवा घ्यायची आणि सोडायची. ती म्हणाली, "आई, ते नुसतं हवा पोचवणं झालं. खरं श्वसन पेशीत होतं." आपण खातो त्याची साखर होते, ती रक्तातून प्रत्येक पेशीत जाते आणि पेशी ती मोडते. पहिली मोड पेशीतल्या पातळ द्रवात होते. तिला ऑक्सिजन लागत नाही, पण तिच्यातून शक्तीही चिमूटभर निघते. उरलेला माल तंतुकणिका म्हणून असतात, पेशीतल्या अगदी बारीक कुप्या, त्यांच्यात जातो. तिथे ऑक्सिजन घेऊन तो शेवटपर्यंत मोडला जातो, आणि खरी शक्ती तिथे निघते. चालायला, ऐकायला, डोकं चालवायला, हृदयाच्या ठोक्यालाही तीच लागते. पुस्तकातल्या चित्रावर बोट ठेवून म्हणाली, "माझ्या ह्या आहेत ना, ह्या नीट नाहीत."

मी म्हणाले, "म्हणजे आमच्या लाइनवर चौथं स्टेशन बंद पडलं की तिसऱ्यापुढे मालाचा ढीग लागतो, तसं?"

तिने विचार केला. "हो. तो ढीग म्हणजे लॅक्टिक आम्ल. म्हणून पाय जळतात." मग म्हणाली, "पण तुमची लाइन दुरुस्त होते."

भागू, पंधरा वर्षांची आहे ती. हे बोलताना तिचा आवाजसुद्धा हलला नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिले.

औषधं आहेत, जीवनसत्त्वं आहेत, पुन्हा झटका आला तर काय करायचं ते लिहून दिलंय. बरं होणार का, असं मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा डॉक्टर म्हणाल्या, "सांभाळता येईल." मी तिसऱ्यांदा विचारलं नाही.

आता तुझ्या कामाचं. या तंतुकणिका फक्त आईकडून येतात. बापाकडच्या पुढे जात नाहीत. ज्ञानेशने विचारलं, "माझ्याकडून काहीच नाही?" डॉक्टर म्हणाल्या, "काहीच नाही." सासूबाई म्हणाल्या, "मंग आमच्यातलं न्हाई हे." मला राग यायला हवा होता, पण तेवढीही ताकद नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर त्या स्वतःच भाकऱ्या थापत होत्या, आणि आरोहीच्या खोलीचं दार त्यांनी ओढून घेतलं होतं. मला म्हणाल्या, "निजू दे तिला."

म्हणजे आईकडून हे माझ्यात आलंय, आणि तुझ्यातही. किती, ते सांगता येत नाही. चांगल्या आणि बिघडलेल्या अशा दोन्ही तंतुकणिका मिसळून येतात. डॉक्टर म्हणाल्या, खडे मिसळलेल्या ज्वारीतून मूठ भरली तर कुठल्या मुठीत किती खडे येतील ते कोण सांगणार. आरोहीच्या मुठीत जास्त आले.

तू साखरेच्या गोळ्या घेत असशील तर आपल्या मनाने बंद करू नकोस, पण हा कागद डॉक्टरांना दाखव. काही गोळ्या या आजारात चालत नाहीत, आणि फिटवरचं एक औषध तर अजिबात नाही. हे लगेच कर. माझ्यावरचा राग त्यात आणू नकोस.

आणखी एक. आण्णांच्या तोंडून निघून गेलं की तुम्ही मुलासाठी ट्रीटमेंट घेणार आहात. त्यांना बोलू नकोस, मीच खोदून विचारलं. मूल होऊ देऊ नकोस असं मी म्हणत नाही. म्हणणारी मी कोण? पण ते सुरू करायच्या आधी तपासणी करून घे. आधी कळलं तर काही मार्ग असतात, असं डॉक्टर म्हणाल्या.

आण्णांना काल सगळं समजावून सांगितलं. ते पलंगाच्या कडेला बसून ऐकत होते. मला वाटलं त्यांना काही कळत नाहीये. मग म्हणाले, "काय सांगायलीस? म्हणजे मंजुळा खरंच दमायची?"

मी म्हणाले, "हो, आण्णा."

"पस्तीस वर्षं?"

त्यांनी पायातली चप्पल काढली, पुन्हा घातली. मग म्हणाले, "तिनं कवा सांगितलं न्हाई." आणि जरा वेळाने, "सांगितलं असंल. म्याच ऐकलं न्हाई." संध्याकाळी जेवले नाहीत.

उत्तर दे.

ताई


थेरगाव
रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

भागू,

माझाही रिपोर्ट आला. आहे माझ्यातही, आरोहीपेक्षा कमी. साखर दोन वर्षांपासून आहे, घरात कुणाला सांगितलं नव्हतं. ज्ञानेश त्यावरून चिडला आणि मग गप्प झाला. आम्ही सगळेच गप्प असतो हल्ली. बोलायलाही शक्ती लागते.

जे लिहायला मी ऑगस्टमध्ये बसले होते ते अजून लिहिलेलंच नाही. तीन पत्रं त्याच्या भोवतीच फिरले. आज लिहिते.

आई गेली तो दिवस. सतरा नोव्हेंबर दोन हजार बावीस. आण्णा अहमदपूरला गेले होते. आईला आदल्या दिवसापासून उलट्या होत होत्या, आणि तू नोकरी सोडून घरी राहिलेली, तूच तिचं सगळं करत होतीस. दुपारी एकला तिला पेज पाजून तू शेजारी आडवी झालीस. चारला उठलीस तेव्हा ती शुद्धीवर नव्हती. तू मला तीन फोन केलेस. मग शेजारच्यांना बोलावलंस. गाडीतच ती गेली.

मी सातला आले आणि म्हणाले की सेकंड शिफ्टला होते, फोन कंपनीत लॉकरमध्ये होता. आणि तेराव्याला, सगळे पाहुणे जेवून बसलेले असताना, मी तुझ्याकडे बोट करून म्हणाले, "आई शेजारी मरत होती आणि ही झोपली होती." तू उठून आत गेलीस. त्यानंतर आपण बोललो नाही. तुझ्या लग्नाचे फोटो मी आण्णांच्या फोनवर बघितले.

मी कंपनीत नव्हते.

दुपारी बससाठी निघाले. डांगे चौकापर्यंत गेले आणि पाय चालेनात. एका दुकानाच्या पायरीवर बसले. बस आली, समोर थांबली, गेली. मी उठलेच नाही. मग कशीबशी घरी आले आणि पर्ससकट फरशीवर आडवी झाले. आरोही शाळेत, ज्ञानेश कामावर, घरात कुणी नव्हतं. चारला फोन वाजला. तुझं नाव दिसलं. मला वाटलं, झालं, आता ही म्हणणार, ताई, येऊन बस आईजवळ, मी दमले. मी फोन पालथा घातला. तो आणखी दोनदा वाजला.

तुमच्या दारापासून मी दहा मिनिटांवर होते.

या आजाराचं कळल्यापासून किती जण म्हणाले, बाई, यात तुझा काय दोष. आडवं त्या आजाराने पाडलं असेल. फोन पालथा मी घातला. आणि तेराव्याला मला काहीही झालेलं नव्हतं, चांगली उभी राहून बोलले मी. माझ्यावर कुणी बोट दाखवायच्या आधी मी तुझ्यावर दाखवलं, एवढंच ते होतं. तू झोपली होतीस कारण तुझ्यात उभं राहायचं त्राण उरलं नव्हतं. हे मला तेव्हाही माहीत होतं, कारण माझंही तेच झालं होतं. पेशी, तंतुकणिका हे शब्द फक्त आत्ता कळले.

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही, ज्ञानेशलाही नाही. लिहून बरं वाटेल अशी समजूत होती, पण तसं काही वाटत नाहीये. हात दुखतोय.

तपासणी करून घे. बाकी तुझी मर्जी.

ताई


चऱ्होली
रविवार, २ नोव्हेंबर २०२५

ताई,

चारही पत्रं मिळाली. पहिली दोन वाचून कपाटात टाकली. तिसऱ्यानंतर दवाखान्यात गेले. चौथं खाली वॉचमनच्या केबिनपाशी उभ्या उभ्या वाचलं आणि मग तिथल्याच खुर्चीवर बसून राहिले. वॉचमनने विचारलं, मॅडम, काही वाईट बातमी आहे का? मी म्हणाले, जुनी आहे.

मला माहीत होतं.

तू फोन उचलला नाहीस म्हणून मी तुझ्या कंपनीत लावला. भिंतीवर तुझ्या कंपनीचं कॅलेंडर होतं, त्यावर नंबर होता. गेटवाल्याने लाइनवर जोडून दिला. कुणी बाई म्हणाल्या, विजयश्री आज आलीच नाही. तेवढ्यात शेजारचे काका गाडी आली म्हणून ओरडले. आईला गाडीत ठेवत असताना मला कळलेलं होतं की तू कंपनीत नाहीस.

तू सातला येऊन लॉकरचं सांगितलंस तेव्हा वाटलं, आज नाही तर उद्या सांगेल. तेराव्याला तू बोट दाखवलंस तेव्हा माझ्या अगदी ओठावर आलं होतं. पण समोर आण्णा बसले होते. त्यांची बायको गेली होती. एक मुलगी झोपली होती एवढं त्यांना पुरे होतं, दुसरी खोटं बोलतेय हेही कशाला सांगायचं? म्हणून आत गेले.

तू मला आळशी म्हणालीस म्हणून मी तुला ब्लॉक केलं असं तुला वाटत असेल. आळशी मला सगळेच म्हणायचे. मी स्वतःही म्हणायचे. पण तुझा फोन उचलला असता तर मला ते माहीत असून गप्प बसावं लागलं असतं, आणि ते माझ्याने झालं नसतं. तीन वर्षं मी वाट बघितली. मुलगी आजारी पडेपर्यंत तू बोलली नाहीस, हे मी विसरणार नाही.

माझ्यात आहे. तुझ्यापेक्षा बरंच जास्त. उजवा कान जवळजवळ गेलाय, डाव्याचीही सुरुवात आहे. तुझा कागद दाखवल्यावर डॉक्टरांनी माझी साखरेची गोळी त्याच दिवशी बदलली. त्याबद्दल तुझे आभार मानते. सध्या तेवढ्याबद्दलच.

ट्रीटमेंट थांबवलीय. सुजित म्हणतो दत्तक घेऊ. मी अजून हो म्हटलेलं नाही. दोन दिवस रडले आणि तिसऱ्या दिवशी दुपारभर झोपले. उठल्यावर झोपल्याबद्दल स्वतःला शिव्या दिल्या नाहीत. असं पहिल्यांदाच झालं.

माफ केलं असं एका कागदावर लिहिलं होतं. वाचून बघितलं तर खोटं वाटलं, फाडला. मला जमेल तेव्हा सांगेन, न जमलं तर तेही सांगेन.

एक काम कर. आण्णांना तू स्वतःच्या तोंडाने सांग. पाहुण्यांना कळलं नाही तरी चालेल, पण आण्णांना कळलं पाहिजे. मी तेव्हा त्यांना जपलं. आता ते आईचं एवढं सगळं ऐकून उभे आहेत, तर हेही ऐकतील.

पुढच्या रविवारी सकाळी येते. आरोहीला सांग, मावशी येतेय, डाव्या बाजूला बसून बोलत जा म्हणावं, तिकडून अजून ऐकू येतं. तुझ्याशी बोलेन की नाही, ते तिथे आल्यावर बघू.

भाग्यश्री